हात जड होतो तेव्हा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘थकवा’ हा विषय दिला. मला वाटलं, थकव्यावर लिहायचं तर तो आधी डोळ्यांनी बघता आला पाहिजे. मनाचा थकवा दिसत नाही. स्नायूचा दिसतो, फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं. म्हणून हात डोक्यावर नेऊन खेळणाऱ्या मुलामुलींच्या मागे मी गेले आणि खरोखरच त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. सीमारेषेवरून होणारा थ्रो, बॅडमिंटनचा स्मॅश, भालाफेक, व्हॉलीबॉलची सर्व्हिस, हँडबॉल. खेळ वेगवेगळे, पण सगळ्यांत खांद्याच्या वाट्याला एकच अवघड काम शेकडो वेळा येतं. हे काम करता करता खांदा थकतो कसा आणि थकला की काय करतो, हे मला बघायचं होतं.

शिवाजी पार्कवर, पाठीमागून

श्रावणातली उघडीप होती. गवत ओलं, चेंडू ओला, पोरांचे टी-शर्ट घामाने आणि पावसाने अंगाला चिकटलेले. नेट संपलं होतं आणि फील्डिंगचा सराव सुरू होता. सर बॅटने चेंडू लांब मारत होते. पंधरा-सोळा वर्षांची मुलं पाळीपाळीने धावत जाऊन तो उचलत होती आणि थेट कीपरच्या ग्लोव्हजमध्ये फेकायचा प्रयत्न करत होती.

त्यातल्या एका सडपातळ मुलावर मी नजर ठेवली. सुरुवातीचे त्याचे थ्रो बघण्यासारखे होते. चेंडू उचलताना दोन पावलं तिरकी पडायची, पुढचा पाय रोवला जायचा, कंबर फिरायची, मग छाती आणि सर्वांत शेवटी हात. चेंडू जमिनीला समांतर जायचा आणि एका टप्प्यात स्टंपवर. थ्रो वाढत गेले तशी आधी पावलं बदलली. दोनाची एक झाली, मग तो उभ्या उभ्याच फेकू लागला. धड पुढे झुकेनासं झालं. कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरलं. चेंडू आता उंच जाऊन दोन-तीन टप्पे घेत पोहोचत होता. पल्ला कमी पडतोय म्हणून सरांनी जोर लावायला सांगितलं. त्याने लावला, पण फक्त हाताचा.

मी त्याच्या मागेच उभी होते, म्हणून समोरच्यांना न दिसणारी गोष्ट मला दिसली. ओल्या टी-शर्टखाली उजव्या बाजूचा फरा, म्हणजे पाठीवरचं ते तिकोनी हाड, आतल्या कडेने वर उचललेला दिसत होता. डावा सपाट बसलेला होता. सरावाच्या सुरुवातीला दोन्ही सारखे होते. पाळी संपल्यावर त्याने हात दोनदा झटकला आणि हात जड झालाय असं शेजारच्या मित्राला सांगितलं. सरांना सांगितलं नाही. खांदा दुखत होता का? नाही, असं तो मला म्हणाला आणि ते खरंच होतं. दुखणं अजून सुरू व्हायचं होतं.

बशीवरचं लिंबू

मांडीचं हाड कमरेत खोल खोबणीत बसतं. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा वरचा गोल भाग मोठा आणि फऱ्यावरची त्याची जागा लहान, उथळ, म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबूच. कोणत्याही क्षणी त्या गोलाचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा या बशीला टेकलेला असतो. कडेने लॅब्रम नावाची कूर्चेसारखी चिवट किनार असते, ती बशी थोडी खोल करते. बाकी सगळी भिस्त स्नायूंवर.

त्यातले जवळचे चार स्नायू म्हणजे रोटेटर कफ. हात हलवण्यापेक्षा गोल जागेवर दाबून ठेवणं हे त्यांचं महत्त्वाचं काम. खांद्याला बाहेरून गोलाई देणारा डेल्टॉइड हा मोठा, ताकदवान स्नायू हात उचलायला लागला की दंडाचं हाड वरच्या दिशेला ओढलं जातं. त्याच वेळी कफचे स्नायू त्याला खाली आणि आत धरून ठेवतात. हे दोन्ही जोर एकाच वेळी लागले तर हात सहज वर जातो.

पण ज्या फऱ्यावर हे सगळं उभं आहे तो स्वतःच तरंगता आहे. त्याचा सांगाड्याशी हाडाचा संबंध फक्त कॉलर बोनमधून येतो, बरगड्यांवर तो स्नायूंच्या आधाराने सरकतो. हात डोक्यावर नेताना खांद्याचा सांधा साधारण दोन अंश वळला की फरा एक अंश वळतो, हे गणित १९४४ साली इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं आणि थोड्याफार फरकाने ते अजून शिकवलं जातं. फरा वर फिरतो, मागे कलतो आणि गोलाखाली बशी सरकवत नेतो. हे काम प्रामुख्याने बरगड्यांवरून जाणारा सेरेटस अँटेरिअर आणि पाठीच्या मधोमध असलेला ट्रॅपेझिअसचा खालचा भाग करतात. व्यायामशाळेच्या आरशात हे दोन्ही स्नायू सहज दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. थ्रो करणाऱ्याचं आयुष्य मात्र त्यांच्यावर अवलंबून असतं.

वेग वाढवणं सोपं, थांबवणं अवघड

फेकण्याच्या क्रियेचा सर्वांत बारीक अभ्यास अमेरिकेत बेसबॉलच्या पिचरवर झाला. तिथला चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, आपला पुरुषांच्या क्रिकेटचा १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे थोडा जडच. भिजला की आणखी जड. मुंबईत कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते, तिथल्या फील्डरना हे वेगळं सांगायला नको.

पिचरचा हात मागे जातो तेव्हा दंड बाहेरच्या बाजूला जवळजवळ १८० अंशांपर्यंत वळलेला दिसतो. त्यात पाठीचा आणि फऱ्याचाही वाटा असतो. तिथून तो पुढे सुटतो तेव्हा दंडाच्या फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७००० अंश होतो. सेकंदाला जवळपास वीस फेरे! माणसाच्या शरीरात मोजल्या गेलेल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. अर्थात हा वेग क्षणाच्या लहानशा तुकड्यापुरताच टिकतो. चेंडू हातातून सुटतो आणि खांद्याचं खरं कष्टाचं काम तिथून सुरू होतं. चेंडू गेला तरी हात जातच असतो. सुटण्याच्या क्षणाच्या आसपास हाताला सांध्यातून बाहेर खेचणारं बल खेळाडूच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास पोहोचतं. ते अडवायचं कोणी? कफच्या मागच्या बाजूच्या इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर या दोन लहान स्नायूंनी आणि त्यांच्या जोडीला फऱ्याला मागे धरणाऱ्या स्नायूंनी.

ब्रेक लावताना हे स्नायू आखडायचा प्रयत्न करत असतात आणि त्याच वेळी लांब ताणले जात असतात. स्नायूला सर्वांत जास्त झिजवणारं काम हेच. डोंगर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्याचं कारणही हेच. पिचिंगच्या सत्रानंतर लगेच मोजलं तर खांद्याचं आतल्या बाजूला वळणं नऊ-दहा अंशांनी कमी झालेलं आढळलं आणि चोवीस तासांनीही ते पुरतं परत आलेलं नव्हतं. शनिवारी सामना आणि रविवारी पुन्हा सामना खेळणाऱ्या मुलाचा खांदा दुसऱ्या दिवशी मैदानात उतरतो तो असा, आधीच आखडलेला.

थकलेला खांदा काय करतो

एका शहरातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला हे समोर करून दाखवलं. एका तरुण भालाफेकपटूला टी-शर्ट काढून उभं केलं, दोन्ही हातांत दीड-दीड किलोची डंबेल्स दिली आणि हात सावकाश वर-खाली करायला सांगितले. पहिल्या दोन खेपांत काहीच दिसलं नाही. पुढे हात खाली येताना उजव्या फऱ्याची खालची टोकदार बाजू पाठीतून किंचित वर आली आणि हात उतरता उतरता एकदम झटका खाल्ल्यासारखी जागेवर बसली. त्यांनी तिथे बोट ठेवून मला दाखवलं. वर जाताना बरेच जण सावरून नेतात, उतरताना चोरी पकडली जाते, असं त्या म्हणाल्या. मग त्याच ठिकाणी तळव्याने हलकासा आधार देऊन पुन्हा हात वर करायला सांगितला. या वेळी तो पोरगा स्वतःच चकित झाला, कारण हात हलका वाटत होता.

थकव्याने होतं काय, हे शोधण्यासाठी संशोधकांनी माणसांचे खांदे मुद्दाम दमवून पाहिले आहेत. कफ दमवून आधीचे आणि नंतरचे एक्स-रे ताडून पाहिले तेव्हा हात वर करताना दंडाचा गोल वर सरकलेला आढळला. सरकण्याचं माप मिलिमीटरमध्येच, पण त्याच्या वरच्या हाडापर्यंतची जागा निरोगी माणसातही सुमारे एक सेंटिमीटरच असते आणि त्या फटीतून कफचा स्नायुबंध जातो. तिथे एकेका मिलिमीटरला किंमत आहे.

फऱ्याच्या बाबतीत गंमत आहे. बाहेर वळवणारे स्नायू दमवल्यावर काही प्रयोगांत फरा कमी मागे कलला, कमी वर फिरला. दुसऱ्या काही प्रयोगांत, जिथे हात डोक्याच्या वर धरून काम करायला लावलं होतं, तिथे उलट तो जास्त फिरला. वरवर पाहता हा विरोध वाटतो, मला तो वाटत नाही. खांद्याचा सांधा कमी पडू लागला की शरीर फऱ्याकडून जास्तीचं काम करून घेतं. फऱ्याचे स्नायूही थकले की तो आधारही जातो. आधी उसनवारी, मग दिवाळं. शिवाजी पार्कवरच्या त्या मुलाच्या पाठीवर मी बहुधा दुसरी पायरी बघितली होती.

तिसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं, कारण स्नायू आणि सांध्यातले संवेदक मेंदूला सतत खबर देत असतात. थकलेल्या खांद्यात ही खबर ढिली पडते. डोळे बांधून हात ठराविक कोनावर न्यायला सांगितलं तर दमलेला माणूस जास्त चुकतो. दिवसाच्या शेवटच्या तासातला थ्रो स्टंपच्या बाहेर जातो तो केवळ ताकद संपली म्हणून नाही. हात कुठे आहे याचा अंदाजच सैल झालेला असतो.

आणि हे सगळं सुरू होतं पायांत. टेनिसच्या सर्व्हिसमधली निम्मी ऊर्जा पाय, कंबर आणि धड यांतून येते असं अमेरिकेतले खांद्याचे तज्ज्ञ बेन किब्लर यांनी दाखवून दिलं. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे कंबर आणि धडाकडून मिळणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली तर हातात तेवढाच जोर आणण्यासाठी खांद्याला ३४ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. बेसबॉलच्या पिचरना दमवून चित्रीकरण केलं तेव्हा शेवटच्या डावांत त्यांचं धड जास्त ताठ उभं राहत असल्याचं दिसलं. त्या मुलाची तिरकी पावलं गेली, धड ताठ झालं आणि मग खांद्याने एकट्याने भार उचलला, तो असा.

यातून इजा होते ती कशी? हात पूर्ण मागे गेलेला असताना कफच्या मागच्या भागाची आतली बाजू बशीच्या कडेला घासते. फरा मागे नीट आलेला नसेल तर दंड त्याच्याही पलीकडे मागे जातो आणि घासणं वाढतं. कफचे तंतू झिजतात, लॅब्रमची किनार सुटते. वाढत्या वयाच्या मुलांत याहून आधी हार खाते ती दंडाच्या वरच्या टोकाची वाढीची पट्टी. ती अजून हाड झालेली नसते आणि पिळाचा मार तिला सोसत नाही. अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांतल्या या दुखण्याला बेसबॉलमुळे ‘लिटल लीग शोल्डर’ असं नाव पडलंय. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या हाडांची वाढीची पट्टीही काही वेगळी नसते.

पुण्याच्या हॉलमध्ये

बॅडमिंटनचं आणि पुण्याचं जुनं नातं. इथल्या ब्रिटिश छावणीत हा खेळ ‘पूना’ या नावाने रुळला आणि त्याचे पहिले नियम १८७३ च्या सुमाराला इथेच लिहिले गेले. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकलेलं विजेतेपद हे परदेशात भारतीयाने जिंकलेलं बॅडमिंटनचं पहिलं.

इथे फेकायला वजन नाही. शटल पाच ग्रॅमच्या आसपास आणि रॅकेटही हलकी. मग खांदा का थकावा? एका संध्याकाळी हॉलच्या कडेला बसून बघितल्यावर उत्तर मिळालं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना मल्टीशटलचा सराव चालला होता. सर बादलीतून शटल काढून मारत होते. मागच्या कोपऱ्यात स्मॅश, तिथून पुढे, पुन्हा मागे. थांबणं नाहीच. हातातलं वजन हलकं असलं तरी स्वतःच्या हाताचं वजन कुठे जात नाही आणि तो हात प्रत्येक वेळी त्याच मागच्या स्नायूंना थांबवावा लागतो. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीचा ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश २०२३ मध्ये गिनीज बुकात नोंदला गेला. त्या स्मॅशनंतर हाताला ब्रेक लावणारे स्नायू कोणत्याही पुस्तकात नोंदले जात नाहीत.

मुली दमल्या तशी आधी उडी गेली. मग शटल डोक्याच्या पुढे घ्यायच्या ऐवजी डोक्याच्या मागे, उशिरा घेतलं जाऊ लागलं. पाय वेळेवर पोहोचत नव्हते, म्हणून हात मागे वाकत होता. इथे एक वेगळी गोष्टही दिसली. त्या सरांनी एका मुलीला तिची पाळी पूर्ण होण्याआधीच बाहेर बोलावलं आणि पाणी प्यायला पाठवलं. शटल कोर्टात पडत होतं, चूक काही नव्हती. मी विचारलं तेव्हा, तिचा आवाज बदलला, एवढंच ते म्हणाले. रॅकेटवर शटल बसल्याचा आवाज बोथट झाला होता. प्रशिक्षकाचं असं कान देऊन ऐकणं ही मला कोणत्याही यंत्राहून मोलाची गोष्ट वाटते.

मोजतं कोण?

अमेरिकेत २००६ साली किशोरवयीन पिचरवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेली मुलं आणि इजा न झालेली मुलं यांची तुलना केली होती. हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्या मुलांत शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट होती. दुखत असताना खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ही थकलेला असताना खेळणाऱ्यांची. अशा अभ्यासांच्या आधारे तिथे वयाप्रमाणे चेंडूंची मर्यादा आणि विश्रांतीचे दिवस ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि मैदानाच्या कडेला पालक हातात मोजणीयंत्र घेऊन बसू लागले.

क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाची षटकं मोजायची सवय आता बऱ्यापैकी रुजली आहे. थ्रोचं काय? ऑस्ट्रेलियात अव्वल क्रिकेटपटूंचे थ्रो मोजून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. आठवड्याला ७५ पेक्षा जास्त थ्रो करणाऱ्यांना इजेचा धोका जास्त होता. ७५! शिवाजी पार्कवर एका सकाळच्या सरावात चपळ मुलगा त्याच्या निम्मे तरी सहज करतो.

आपल्याकडची खरी अडचण बेरजेची आहे. मुंबईतला गुणी मुलगा शाळेकडून हॅरिस शील्ड खेळतो, क्लबकडून खेळतो, अकादमीत जातो, निवड चाचणीला जातो. शाळेचे सर शाळेचं बघतात, क्लबचे क्लबचं. मुलगा थ्रोही करतो, गोलंदाजीही करतो आणि घरी आल्यावर इमारतीच्या गच्चीवर भावाला थ्रोडाऊनही देतो. एकूण किती झाले हे फक्त त्याच्या खांद्याला ठाऊक असतं. डेन्मार्कमध्ये हँडबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या पाहणीत असं दिसलं की खेळण्याचे तास एका आठवड्यात ६० टक्क्यांहून जास्त वाढले की खांद्याची इजा वाढते, आणि बाहेर वळवणारी ताकद कमी असेल किंवा फरा नीट हलत नसेल तर याहून लहान वाढही पुरते. आपल्या मुलांच्या वाट्याला अशी उडी दरवर्षी येते. परीक्षा संपते आणि दुसऱ्याच दिवशी उन्हाळी शिबिर सुरू होतं.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. २००६ मध्ये सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि वेस्ट इंडिजचा दौरा हुकला. नीरज चोप्राच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. पुढच्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर भाला फेकून त्याने टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. त्यांच्यामागे डॉक्टर, फिजिओ आणि वाट बघणारा देश होता. जिल्हा पातळीवरच्या मुलाचा खांदा गेला की तो खेळ सोडतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

दहा मिनिटं

यावरचा इलाज महाग नाही, ही या विषयातली सर्वांत चांगली बातमी. नॉर्वेतल्या अव्वल हँडबॉल संघांत सरावाआधीच्या वॉर्म-अपमध्ये आठवड्यातून तीनदा सुमारे दहा मिनिटांचे व्यायाम घातले. खांद्याची बाहेर वळवणारी ताकद, आत वळण्याची लवचिकता, फऱ्याचे स्नायू आणि धड, एवढ्यांवरच भर होता. साधनं म्हणजे रबर बँड आणि चेंडू. त्या मोसमात खांद्याच्या तक्रारींची शक्यता २८ टक्क्यांनी कमी राहिली. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या फिजिओ ताईंनी मला दाखवलेलेही असेच साधे व्यायाम होते. पुश-अप वर आल्यावर कोपरं न वाकवता पाठ आणखी थोडी वर ढकलायची, की सेरेटस जागा होतो. पोटावर झोपून हात इंग्रजी वाय अक्षरासारखे उचलायचे, की ट्रॅपेझिअसचा खालचा भाग काम करतो. दंड छातीसमोरून आडवा ओढून खांद्याची मागची बाजू ताणायची. आणि पायांचे व्यायाम, कारण पाय दमले नाहीत तर खांद्यावर उसनवारीची वेळ येत नाही. पण व्यायामाने मर्यादा थोडी लांब जाते, नाहीशी होत नाही. विश्रांतीला पर्याय नाही, आणि शस्त्रक्रिया तर मुळीच नव्हे.

मुलांच्या प्रशिक्षकांना आणि आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. किटबॅगमध्ये एक लहान वही ठेवा आणि शाळा, क्लब, अकादमी सगळीकडचे थ्रो आणि स्मॅशची सत्रं त्या एकाच वहीत लिहा. फील्डिंगचा सराव पाय ताजे असताना घ्या, नेटनंतर उरल्या वेळात नको. आठवड्यातून एकदा मुलाच्या पाठीमागे उभं राहून दोन्ही फरे बघा. आणि एखाद्या मुलाने हात जड झाल्याचं सांगितलं, तर त्या दिवशी त्याला फेकायला लावू नका.